वॉटसनची साथ

मुंबईच्या बंदरात बोटीतून एक तरुण इंग्रज डॉक्टर उतरतो. लंडन विद्यापीठाची १८७८ सालची एम.डी., लष्करी शल्यचिकित्सकाचं प्रशिक्षण नुकतंच पुरं झालेलं. उतरल्या उतरल्या त्याला कळतं, की आपली पलटण केव्हाच खिंडी ओलांडून अफगाणिस्तानात गेली. तो तिच्या मागोमाग कंदहार गाठतो. पुढे मैवंदच्या लढाईत त्याच्या खांद्यात गोळी घुसते. मरे नावाचा त्याचा ऑर्डर्ली त्याला तट्टावर टाकून मागे आणतो, म्हणून जीव वाचतो. जखम भरत येते तोच पेशावरच्या इस्पितळात विषमज्वर त्याला गाठतो. हाडांचा सापळा होऊन तो इंग्लंडला परततो, आणि लंडनमधला हॉटेलचा खर्च झेपेना म्हणून जागेत भागीदार शोधू लागतो.

'अ स्टडी इन स्कार्लेट' या १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीची ही सुरुवात. शेरलॉक होम्स अजून पानावर आलेलाच नाही. त्याच्या आधी आलेत ते डॉ. जॉन वॉटसन. मैवंदची लढाईही खरी आहे, २७ जुलै १८८० ची. ब्रिटिशांचा दारुण पराभव झालेल्या त्या लढाईत बॉम्बे आर्मीच्या पलटणी होत्या. आज खडकीत मुक्काम असलेल्या बॉम्बे सॅपर्सची तुकडीही तिथे लढली होती. आर्थर कॉनन डॉयलने आपल्या निवेदकाला इतकं खरं, इतकं ताजं दुःख देऊन कथेत आणलं, आणि वाचकाने त्याचा हात धरूनच बेकर स्ट्रीटचा जिना चढायचा, अशी व्यवस्था केली.

होम्सवर जीव टाकणाऱ्यांची संख्या जगभर अफाट आहे. पण त्यांच्यात एक वेगळी जात असते. होम्सवर नवा सिनेमा किंवा मालिका येणार असं कानावर आलं, की हे लोक आधी विचारतात, "वॉटसन कोण करतोय?" होम्सची भूमिका कुणाला मिळाली, ते नंतर. ही विचारणा विक्षिप्तपणाची वाटेल, पण तिच्यामागे पक्का अनुभव आहे. गेल्या शंभर वर्षांत पडद्यावर उत्तम होम्स बरेच झाले, पण ते मनात घर करून राहिले ते बहुतेक तिथेच, जिथे समोर तोलामोलाचा वॉटसन होता. गाण्याच्या मैफलीतही हेच असतं. गवई कितीही मोठा असो, तबल्याची साथ नीट नसेल तर मैफल रंगत नाही. साथीदार फार पुढे आला तरी बिघडतं आणि फार मागे राहिला तरी बिघडतं.

ही साथ पडद्यावर इतकी अवघड का, हे समजायला आधी पुस्तकांकडे जावं लागतं. डॉयलने होम्सच्या चार कादंबऱ्या आणि ५६ कथा लिहिल्या. या साठांपैकी चार सोडल्या तर सगळ्या वॉटसनच सांगतो. म्हणजे पुस्तकात वॉटसन 'दिसत' नाही, तो 'ऐकू येतो'. धुकं त्याच्या डोळ्यांनी दिसतं, शेकोटीची ऊब त्याच्या अंगाला लागते, होम्सचा विक्षिप्तपणा त्याच्या मायेतून गाळून आपल्यापर्यंत येतो. भालबा केळकरांच्या अनुवादांतून ज्यांनी होम्स मराठीत वाचला, त्यांनाही हाच आवाज ऐकू आला. डॉयल स्वतः डॉक्टर होता. सुरुवातीच्या टिपणांत त्याने या सोबत्याचं नाव 'ऑर्मंड सॅकर' असं काहीसं नटवं योजलं होतं. ते खोडून त्याने 'जॉन वॉटसन' हे साधं, शेजाऱ्याचं वाटेल असं नाव घेतलं, हे फार बरं केलं.

आता कॅमेरा आला. दाखवायचं काम कॅमेरा करतो, सांगायचं कामही तोच करतो. मग वॉटसनने करायचं काय? ज्याच्या डोळ्यांनी आपण बघत होतो, तोच आता खोलीच्या कोपऱ्यात उभा दिसतो, हातात टोपी, बोलायला वाक्य नाही. १९२१ ते १९२३ या काळात आयल नॉरवूडने होम्सचे ४७ मूकपट केले. त्यांत वॉटसन होता, पण मूकपटात निवेदकाचा आवाजच हरवलेला. पडद्यावरचा प्रत्येक वॉटसन म्हणजे 'याला आता काम काय द्यायचं' या एकाच प्रश्नाचं वेगवेगळं उत्तर आहे. चाहत्यांना गोडी आहे ती ही उत्तरं ताडून बघण्याची.

सगळ्यात गाजलेलं उत्तर हॉलिवूडने दिलं: लोकांना हसवायचं. १९३९ ते १९४६ या सात वर्षांत बेसिल रॅथबोन आणि नायजेल ब्रूस यांनी होम्स-वॉटसनचे १४ चित्रपट केले. पहिले दोन फॉक्सचे, उरलेले बारा युनिव्हर्सलचे. युनिव्हर्सलने तर कथा उचलून थेट दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नेली. रॅथबोनचा होम्स पात्याच्या धारेसारखा, आणि ब्रूसचा वॉटसन गोलमटोल, पुटपुटणारा, हमखास चुकीच्या माणसावर संशय घेणारा. तमाशात सोंगाड्याचं जे स्थान, ते त्याला मिळालं. पिढ्यानपिढ्या लोकांच्या डोक्यात 'वॉटसन म्हणजे बावळट म्हातारा' हे समीकरण बसलं ते यामुळेच.

पुस्तकावर प्रेम करणाऱ्यांना ब्रूसचा राग येतो आणि तो समजण्यासारखा आहे. मैवंदची गोळी झेललेला, रिव्हॉल्व्हर खिशात टाकून होम्सच्या मागे कुठेही जाणारा डॉक्टर इतका वेंधळा कसा असेल? पण ब्रूसला नुसतं निकालात काढणं अन्यायाचं आहे. सोंगाड्या वगातला सगळ्यात मायेचा माणूस असतो, हे विसरून चालणार नाही. 'ड्रेस्ड टु किल' या १९४६ च्या शेवटच्या चित्रपटात एक प्रसंग आहे. चोरांनी बांधून ठेवलेली लहान मुलगी सापडते. ती रडायची थांबत नाही. होम्सपाशी यावर इलाज नाही. वॉटसन मात्र पुढे होऊन तिच्यासाठी बदकासारखा आवाज काढू लागतो. गाल फुगवून, सगळा मान-मरातब बाजूला ठेवून. त्याच चित्रपटात वॉटसन सहज बोलता बोलता डॉ. जॉन्सनचं नाव काढतो आणि होम्सला अडलेल्या कोड्याची किल्ली मिळते. तो बुद्धिमान नसेल, पण त्याच्यावाचून होम्सचं अडतं, हे त्या चित्रपटांनाही माहीत होतं.

आणि हे दोघे नट खरोखरचे मित्र होते. दोघेही पहिल्या महायुद्धात लढलेले. ब्रूसच्या पायाला तिथे गंभीर जखम झालेली. म्हणजे सोंगाड्या वॉटसन करणारा नट प्रत्यक्षात वॉटसनसारखाच लढाईतून जायबंदी होऊन परतलेला सैनिक होता. १९५३ च्या ऑक्टोबरात रॅथबोन होम्सला पुन्हा रंगमंचावर आणण्याच्या तयारीत होता, तेव्हा ब्रूस गेला. नाटक महिन्याअखेर न्यूयॉर्कला उघडलं आणि तीन प्रयोगांत बंद पडलं. नाटक पडायला इतरही कारणं असतील. चाहते मात्र या दोन गोष्टी एका दमात सांगतात.

पुढची काही वर्षं हा बावळट वॉटसन पुसण्यात गेली. १९५९ च्या हॅमर कंपनीच्या 'हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स'मध्ये पीटर कुशिंगसोबत आंद्रे मोरेल होता: ताठ, शांत, जबाबदारी घेणारा. या कादंबरीत होम्स बराच काळ गायब असतो आणि पठारावरचा तपास वॉटसन एकट्याने करतो. तिथे वॉटसन कच्चा असेल तर अर्धा सिनेमाच कोसळतो. मोरेल तो एकहाती तोलून धरतो. १९७६ च्या 'सेव्हन पर सेंट सोल्यूशन'मध्ये रॉबर्ट डुव्हालचा वॉटसन व्यसनात बुडत चाललेल्या मित्राला उपचारासाठी व्हिएन्नाला नेतो. १९८८ च्या 'विदाउट अ क्लू'ने तर डाव उलटाच मांडला. तिथे खरा गुप्तहेर वॉटसन, म्हणजे बेन किंग्जली, आणि होम्स हा त्याने पगारावर ठेवलेला नट, मायकेल केन. 'गांधी'तल्या किंग्जलीला आपल्याच लोकप्रिय पात्रापुढे हतबल झालेला बघणं ही वेगळीच मेजवानी आहे.

जेम्स मेसनच्या वाटाण्यापाशी मात्र थोडं थांबायला हवं. 'मर्डर बाय डिक्री', १९७९. विषय भयंकर: लंडनमध्ये बायकांचे गळे चिरत फिरणारा जॅक द रिपर. होम्स आहे ख्रिस्तोफर प्लमर, वॉटसन मेसन. मधेच एक जेवणाचा प्रसंग येतो. वॉटसनच्या ताटलीत एकच वाटाणा उरलाय आणि तो काट्यावर यायला तयार नाही. वॉटसन शांतपणे त्याच्या मागे लागलाय. होम्स विचारात आहे, पण ती टकटक त्याला सहन होत नाही. तो पुढे होतो, काट्याने तो वाटाणा चेचतो आणि मोकळा होतो. वॉटसन बघतच राहतो. त्याला तो वाटाणा चेचलेला नको होता. दाताखाली पटकन फुटतो, ते त्याला हवं होतं. मेसनच्या तोंडावर त्या क्षणी जे दुखावलेपण येतं, ते एखाद्या जुन्या संसारातलं आहे. या प्रसंगाने तपास इंचभरही पुढे सरकत नाही. पण ही दोन माणसं वर्षानुवर्षं एका टेबलावर जेवत आलीत, याची खात्री त्या एका वाटाण्याने पटते.

रशियाचं उत्तर आणखी निराळं. इगोर मास्लेनिकोव्हने १९७९ ते १९८६ या काळात लेनफिल्मसाठी होम्सची टीव्ही मालिका केली. रीगा शहरातल्या एका गल्लीला बेकर स्ट्रीट केलं. वासिली लिवानोव्ह होम्स, विताली सोलोमिन वॉटसन. पहिल्याच भागात सोलोमिनचा तांबूस मिशांचा, तडफदार वॉटसन आपल्या नव्या शेजाऱ्याकडे बघून गोंधळतो. हा माणूस वेशांतर करतो, याच्याकडे चित्रविचित्र लोक येतात, विषांची याला खडान्‌खडा माहिती. वॉटसन पुरावे जोडतो आणि ठाम निष्कर्षाला येतो, की आपण गुन्हेगारांच्या म्होरक्यासोबत राहतोय! प्रकरण हातमोजे चढवून मुष्टियुद्धापर्यंत जातं. यात मास्लेनिकोव्हचं मर्म दिसतं. वॉटसनला काम हवं ना? मग त्यालाच आधी गुप्तहेर होऊ द्या, आणि होम्स हेच त्याच्यापुढचं पहिलं कोडं असू द्या. वॉटसन चुकतो, पण बावळटपणाने नाही. त्याच्याजागी कुणीही शहाणा माणूस असंच म्हणाला असता. लिवानोव्हला पुढे ब्रिटनने मानाचा किताब दिला. २००७ साली मॉस्कोत ब्रिटिश वकिलातीजवळ दोघांचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला, चेहरे याच दोन नटांचे. होम्स उभा, आणि वॉटसन बाकावर बसलेला, वहीसकट. सोलोमिन २००२ मध्येच गेला होता.

आजच्या पिढीला वॉटसन म्हटलं की मार्टिन फ्रीमन आठवतो. बीबीसीची 'शेरलॉक' मालिका (२०१० ते २०१७) घडते मोबाइलच्या लंडनमध्ये, पण वॉटसन परततो तो पुन्हा अफगाणिस्तानातूनच. १३० वर्षांनी इंग्रज डॉक्टर त्याच भूमीतून जखमी होऊन यावा आणि लेखकांना जुन्या कथेतलं एक अक्षर बदलावं लागू नये, यात इतिहासाबद्दल बरंच काही आलं. डॉयलकडून एक चूक झाली होती. पहिल्या कादंबरीत वॉटसनची जखम खांद्याला आहे आणि 'साइन ऑफ फोर'मध्ये ती पायावर सरकलेली आहे. शंभर वर्षं वाचक यावर वाद घालत आले. मालिकेने त्यातून फार सुंदर वाट काढली: गोळी खांद्याला लागली होती, लंगडणं मनाचं आहे. पहिल्याच भागात शेरलॉकच्या मागे छपरांवरून धावताना जॉन आपली काठी हॉटेलात विसरतो. घरी पोचल्यावर हॉटेलवाला ती घेऊन दारात उभा. फ्रीमन काठीकडे बघतो, स्वतःच्या पायाकडे बघतो. डॉक्टरवरच उपचार झालेत, आणि औषध काय होतं ते त्याला तिथे कळतं.

फ्रीमनचं ऐकणं बघावं. शेरलॉक धाडधाड निष्कर्ष सांगत असतो, कॅमेरा त्याच्यावर असतो, पण आपली नजर जॉनच्या कपाळावरच्या आठीकडे जाते. आधी शंका, मग कौतुक, मग या माणसाला जराही रीतभात नाही म्हणून आलेला वैताग, हे सगळं एक शब्द न बोलता. या भूमिकेसाठी त्याला २०११ चा बाफ्ता मिळाला आणि २०१४ चा एमीही, तेव्हा वॉटसनप्रेमींना घरचं कार्य झाल्याचा आनंद झाला.

अमेरिकेच्या 'एलिमेंटरी'त (२०१२ ते २०१९) वॉटसन बाई झाली. ल्यूसी ल्यूची जोन वॉटसन शस्त्रक्रिया सोडलेली सर्जन आहे. व्यसनमुक्त झालेल्या होम्सवर लक्ष ठेवायला त्याच्या वडिलांनी तिला नेमलंय. आधी अनेकांनी नाकं मुरडली. १५४ भाग संपेपर्यंत कळलं, की या मालिकेने वॉटसनला सगळ्यात मोठं काम दिलं होतं: शिकण्याचं. जोन बघत बघत शिकते, चुकते, आणि स्वतः गुप्तहेर होते. दोघांत प्रेमप्रकरण घुसडायचा मोह लेखकांनी शेवटपर्यंत टाळला, याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत.

आपल्याकडेही या सोबत्याची एक शाखा आहे. १९९३ साली दूरदर्शनवर बासू चटर्जींची 'ब्योमकेश बक्शी' आली आणि रजित कपूरच्या गुप्तहेर ब्योमकेशसोबत त्याचा लेखक-सोबती, के. के. रैनाचा अजित, घराघरांत पोचला. धोतर, लेखकाची भिडस्त नजर. शरदिंदु बंद्योपाध्यायांनी ब्योमकेश लिहायला १९३२ मध्ये सुरुवात केली. पुढे ते चित्रपटकथा लिहायला मुंबईत आले आणि १९५२ मध्ये पुण्यात स्थायिक झाले ते अखेरपर्यंत. म्हणजे कोलकात्याच्या या सत्यान्वेष्याच्या आणि त्याच्या अजितच्या कितीतरी कथा पुण्यात बसून लिहिल्या गेल्या. रैनाचा अजित ब्योमकेशच्या पुढे कधी जात नाही, पण ब्योमकेश काही लपवतोय हे त्याला बरोबर कळतं आणि तो रुसतो. तो रुसवा अस्सल आपला आहे.

तरीही, चाहत्यांना एकच वॉटसन निवडायला सांगितला तर बरेचजण अडखळतात आणि दोन नावं घेतात, कारण ग्रॅनाडा टेलिव्हिजनच्या मालिकेत वॉटसनच दोन होते. १९८४ ते १९९४ या दहा वर्षांत जेरेमी ब्रेटने तिथे होम्स केला. निर्माता मायकेल कॉक्सचा आग्रह होता, की पुस्तकात आहे ते आणायचं. होम्स-वॉटसनच्या बारीकसारीक सवयींची एक फाइलच तयार केलेली होती. पहिले १३ भाग डेव्हिड बर्क वॉटसन होता, तरुण, हसऱ्या डोळ्यांचा, होम्सच्या करामतींवर खूश होणारा. मग घराला, लहान मुलाला वेळ देता यावा म्हणून त्याने मालिका सोडली. (तो मुलगा म्हणजे टॉम बर्क, मोठा झाल्यावर 'स्ट्राइक' मालिकेत गुप्तहेरच झाला.) जाताना बर्कने आपल्या जागी एडवर्ड हार्डविकचं नाव सुचवलं.

यातून एक विलक्षण योग जुळून आला. रायशेनबाखच्या धबधब्यापाशी होम्स नाहीसा होतो, तो १९८५ चा भाग बर्कचा शेवटचा. होम्स तीन वर्षांनी परत येतो, तो १९८६ चा 'एम्प्टी हाउस' प्रेक्षकांना दिसलेला हार्डविकचा पहिला. म्हणजे मित्र गमावला एका वॉटसनने आणि तो परत मिळाला दुसऱ्याला. हार्डविक वयाने जास्त वाटतो, संथ बोलतो, डोळ्यांखाली थकवा. बघणाऱ्याला नट बदलल्याचं खुपत नाही. तीन वर्षांच्या दुःखाने माणूस असाच दिसू लागेल, असं वाटतं.

त्या काळात ब्रेट स्वतः कोसळत होता. १९८५ मध्ये त्याची पत्नी गेली, पाठोपाठ मनाचा आजार बळावला, पुढे हृदयही दुखावलं. शेवटच्या भागांत त्याचा चेहरा औषधांनी सुजलेला दिसतो. हार्डविकचा वॉटसन त्याच्याकडे ज्या नजरेने बघतो, तिच्यात अभिनय किती आणि खरी काळजी किती, हे वेगळं करता येत नाही. ब्रेटला वॉटसन आतून माहीत होता. होम्स होण्याआधी अमेरिकेत रंगमंचावर त्याने स्वतः वॉटसन केला होता, चार्ल्टन हेस्टनच्या होम्ससमोर.

१९८८ चा 'डेव्हिल्स फूट' हा भाग कॉर्नवॉलच्या समुद्रकाठी घडतो. होम्सची तब्येत बिघडलेली, म्हणून डॉक्टरांनी हवापालटाला पाठवलंय. तिथे एका विषारी मुळीच्या धुराने माणसं मरतात, वेडी होतात. होम्स ठरवतो, की हा धूर स्वतःवरच अजमावून बघायचा. वॉटसन त्याला एकट्याला सोडायला तयार नाही. दिव्यात पूड पडते, धूर चढतो आणि होम्सच्या डोळ्यांपुढे भयंकर दृश्यं नाचू लागतात. वॉटसनला कसंबसं भान येतं, तो होम्सला धरतो आणि ओढत बाहेर उघड्या हवेत आणतो. होम्स अजून त्या भयाच्या तावडीत आहे, त्याला समोरचं दिसत नाही. साठ कथांत होम्सने आपल्या मित्राला एकदाही पहिल्या नावाने हाक मारलेली नाही. तो कायम 'वॉटसन'. इथे मात्र ब्रेट हार्डविकच्या मिठीत धडपडतो आणि जीव एकवटून ओरडतो, "जॉन!"